चुना कमी पडला

मुरुडला समुद्र आहे. ही काही नवी बातमी नव्हे, पण पुण्या-मुंबईचा पर्यटक आमच्याकडच्या खोल्यांसाठी फोन करून जो पहिला प्रश्न विचारतो तो ऐकला की ती त्याच्यापर्यंत पोचायची राहिली असावी असं वाटतं. 'एसी आहे का' हा दुसरा प्रश्न. 'उकडीचे मोदक मिळतील का' हा तिसरा. पहिला मात्र ठरलेला : 'स्विमिंग पूल आहे का?'

आमच्या अंगणातून निघून पोफळीच्या वाडीतून सरळ चालत गेलं की पाच मिनिटांत पाय वाळूत. उत्तरेला हर्णै, दक्षिणेला कर्दे, आणि समोर हे एवढं पाणी, परमेश्वरानं स्वखर्चानं भरलेलं, भरती-ओहोटीला आपोआप हलणारं, देखभालीचा खर्च शून्य. हे सगळं मी फोनवर रंगवून सांगत असे. पलीकडून 'अरे वा' येई आणि मागोमाग 'बघतो, कळवतो.' कळवत कोणीच नसे.

शेवटी पूल बांधायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बायको म्हणाली, "विहिरीचं पाणी मे महिन्यात वाडीला पुरत नाही, आणि तुम्ही पाहुण्यांना बुडवायला निघालात." शेजारचे काका रोज सकाळी कुंपणाशी येऊन खड्डा बघून जात. "हौद बरा झालाय रे. म्हशी किती घेणार?" पूल पुरा झाला, पांढऱ्या टाइल्स बसल्या, स्टीलची शिडी लागली, तरी गावात त्याचं नाव हौदच राहिलं.

मुरुड म्हटलं की महर्षी कर्व्यांचं नाव घ्यावंच लागतं, तेव्हा ते घेऊन टाकतो. याच गावात वाढलेले धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत एका परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे 'वय लहान दिसतं' म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, तर परत आले आणि पुन्हा तयारीला लागले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. गावातली मुलं ही गोष्ट ऐकत मोठी होतात. मीही झालो. चिकाटीचा तो वारसा माझ्यापर्यंत आला तो असा, की एकदा चुकीचं काम हातात घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय सोडायचं नाही.

पूल नऊ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे पन्नास हजार लिटर पाणी. बांधणाऱ्या ठेकेदारानं जाताना अर्धा तास शिकवणी घेतली होती. पोहायच्या पाण्यात लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा. पंप रोज निदान सहा-आठ तास चालावा. भिंती ब्रशनं घासाव्यात. एक प्लॅस्टिकची डबी दिली. तिच्यात दोन नळ्या. एकीत पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, दुसरीत लालसर आला की पीएच बरा आहे. मी नव्या लग्नाच्या उत्साहानं सकाळ-संध्याकाळ नळ्या हलवत असे. नव्या लग्नाच्या बाबतीत होतं तेच पुढे झालं.

आधी पंपाची वेळ घटली, कारण विजेचं बिल आलं. मग क्लोरीन घटला, त्याला मात्र कारण पाहुणे. एका बाई म्हणाल्या, "पाण्याला क्लोरीनचा फार वास येतो हो." यजमानाला पाहुण्याचा शब्द प्रमाण. मी पावडर निम्मी केली. वास वाढला. मी आणखी कमी केली. आता मला जे कळलं आहे ते असं, की पुलावर जो डोळे चुरचुरवणारा वास येतो तो मोकळ्या क्लोरीनचा नसतोच. घाम, तेल आणि लहान मुलं पाण्यात उतरल्यावर नकळत जे करतात ते, या सगळ्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स बनतात, हा त्यांचा वास. तो आला याचा अर्थ क्लोरीन कमी पडतोय. मी उपाशी माणसाचं पोट गुरगुरतंय म्हणून त्याचं ताट काढून घेत होतो.

त्यात आमचं ऊन. उघड्या पुलात नुसता क्लोरीन टाकला तर भर दुपारी त्यातला निम्मा तासाभराच्या आत उडून जातो. तो टिकावा म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. तेही बेतानं, कारण ते फार झालं की क्लोरीन पाण्यात असतो खरा, पण काम करत नाही. सरकारी कार्यालयांशी संबंध आलेल्या वाचकाला हे लगेच समजेल. एवढं सगळं सांभाळलं तर शेवाळ येत नाही. शेवाळाला काय हवं असतं? ऊन, साचलेलं पाणी आणि थोडं खत. खताला आमच्याकडे तोटा नाही. पोफळीचा फुलोरा पडतो, झावळ्या पडतात, वर वटवाघळं आपल्या परीनं हातभार लावतात.

शिमग्याच्या तोंडावर एका सकाळी उठून बघतो तर पुलात अळूचं फदफदं.

आदल्या रात्री पाणी जरा मंद वाटलं होतं. सकाळी तळ दिसेना. भिंतीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत. दोन दिवसांनी तीन खोल्या भरणार होत्या, आगाऊ पैसे घेतलेले. मी मोटारसायकल काढली आणि दापोली गाठली. दुकानदारानं एक निळी बाटली पुढे केली. शेवाळनाशक. उलटीसुलटी करून बघितली, तर बारीक अक्षरांत लिहिलेलं : कॉपर. किंमत विचारली आणि बाटली जपून, दोन्ही हातांनी, परत फळीवर ठेवली.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे काही टाकत नाहीत. माळ्यावर आजोबांच्या रहाटाचे लोटे आहेत, रहाट मोडून पन्नास वर्षं झाली. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अजून वाण्याची यादी होते. अशा घरात वाढलेल्या माणसाला बाटलीवर 'कॉपर' वाचल्यावर एकच गोष्ट आठवणार. माळ्यावर गेल्या पावसाळ्यातलं मोरचूद उरलं होतं.

सुपारीची वाडी असलेल्या घरात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतंच. पावसात पोफळीला कोळेरोग येतो, कोवळी फळं कुजून बुडाशी सडा पडतो. त्यावर पावसाआधी आणि मग पावसाळ्यात पुन्हा एकदा बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत, दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र ओतायचं. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दोचं. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की चोरांसाठी शिंपडलेल्या याच वेली रोगापासून वाचल्यात. १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं. चोरावरचा उपाय बुरशीला लागू पडला, तर बुरशीवरचा शेवाळाला का नाही? माझं शास्त्रीय चिंतन इथवर आलं.

शिवाय तांबं म्हणजे काय परकं आहे? आजी पहाटे तांब्याच्या हंड्यातलं पाणी पीत असे आणि नव्वदी ओलांडून गेली. देवाची पळी-पंचपात्री तांब्याची. जे पाणी देवाला आणि आजीला चालतं ते पुण्याच्या पाहुण्यांना पोहायला चालणार नाही?

प्रमाणाचा विचार मी केला नाही असं कोणी म्हणू नये. केला. फवारणीला शंभर लिटरला एक किलो लागतं, म्हणजे पन्नास हजार लिटरला पाचशे किलो. मी तर फक्त दोन किलो टाकणार होतो. एवढा संयम आपल्या अंगी आहे हे पाहून माझं मलाच बरं वाटलं.

ते विरघळवायला हाताशी लागलं ते गवंड्यांनी मागे सोडलेलं लोखंडी घमेलं. त्यात निळे खडे टाकले, पाणी ओतलं, काठीनं ढवळलं आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर घमेलं आतून लालभडक. काठीनं खरवडलं, तर वर तांब्याचा पापुद्रा आणि खाली लोखंड खाऊन गेलेलं. नववीच्या पुस्तकात खिळा मोरचुदाच्या द्रावणात बुडवायचा प्रयोग होता. लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं. तो प्रयोग मी वहीत व्यवस्थित लिहिला होता, त्याला शेरा 'छान' मिळाला होता. घमेल्याला बुडात बारीक भोकं पडली होती. मी ते उचलून घाईघाईनं पुलाच्या चार कोपऱ्यांत रिकामं केलं, वर सवयीनं क्लोरीनची पावडरही टाकली, आणि पंप रात्रभर चालू ठेवला. विजेच्या बिलाकडे न बघता, हे आवर्जून नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी पुलात जे दिसलं ते सांगताना माझा आवाज अजून भरून येतो. निळं पाणी. आकाश, नीलमणी, मोरपीस, काय म्हणाल ते. शेवाळ मरून राखाडी भुकटी होऊन तळाशी बसलं होतं, ते ओढून काढलं. टाइलची रेघ न् रेघ दिसत होती. बायको येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही, हे आमच्या घरात प्रशस्तिपत्रक. मी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, खाली लिहिलं : 'कोकणचं नैसर्गिक निळं पाणी.' नैसर्गिक हा शब्द मी का वापरला ते मला आजही सांगता येणार नाही.

तांब्याचं आणि शेवाळाचं वैर जुनं आहे, यात शंका नाही. आमच्या हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं १७५५ साली घेतला. त्यानंतर सहाच वर्षांनी त्यांच्या आरमारानं 'अलार्म' नावाच्या जहाजाचं बूड तांब्याच्या पत्र्यानं मढवून पाहिलं. शेवाळ आणि शिंपले चिकटायचे थांबले. मात्र पत्रा ठोकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले. हे वाचलं तेव्हा मला माझ्या घमेल्याची आठवण झाली आणि ब्रिटिश आरमाराबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. पुढे १९०४ साली अमेरिकेच्या शेती खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांतलं शेवाळ मोरचुदानं मारता येतं हे प्रसिद्ध केलं. मोरचुदाची पोती होडीमागे बांधून पाण्यातून ओढत. तेव्हा हा उपाय खुळचट नाही. तो काम करतो. घोटाळा नेमका तिथेच होतो, कारण काम न करणारा उपाय माणूस दुसऱ्यांदा करत नाही.

पाहुणे आले. त्यांत एक निवृत्त बँक अधिकारी होते. सडसडीत, शिस्तीचे, ओठांवर भरघोस पांढरीशुभ्र मिशी. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, डोकं पाण्यात खालीवर करत ते संथपणे पोहत. "पुण्यात असं पाणी नाही हो," म्हणत. नव्हतंच.

शिमग्याचे दिवस. पालखी निघालेली, ढोल चाललेले, धुळवडीला जो तो रंगलेला. साहेबही उत्साहानं सामील झाले. संध्याकाळी सगळ्यांनी अंघोळी केल्या, लाल गेला, गुलाबी गेला. साहेबांच्या मिशीवरचा हिरवा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. किंबहुना सकाळच्या पोहण्यानंतर तो खुलला. ओटीवर चहा घेताना त्यांनी खिशातल्या कंगव्यानं मिशी विंचरली, कंगव्याकडे बघितलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, "रंग पक्का आहे हो तुमच्या गावचा!" मी म्हटलं, "पारंपरिक आहे." त्यांच्या नातीनं नुकत्याच केसांत सोनेरी बटा करून घेतल्या होत्या. त्या बटांनी शेवग्याच्या शेंगेचा रंग धरला होता. ती मात्र प्रसन्न नव्हती.

लोक म्हणतात क्लोरीननं केस हिरवे होतात. क्लोरीनवर हा आळ आहे. रंग तांब्याचा. पाण्यातलं तांबं केसातल्या प्रथिनाला चिकटतं. काळ्या केसांत ते दडून जातं, पांढऱ्या आणि ब्लीच केलेल्या केसांत दिसतं. क्लोरीन फक्त ते चिकटायला मदत करतो. यावर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लावाव्यात, नाहीतर लिंबाचा रस. आमच्याकडे लिंबं संपली. साहेब मिशीला लिंबू लावून ओटीवर बसलेले बघून शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "हौदात मासे आहेत वाटतं. तळणीची तयारी दिसतेय."

मासे होते, पण दोणीत. विहिरीजवळच्या दगडी दोणीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे. पुलाचा वाळूचा फिल्टर उलटा धुतला की ते पाणी नळीनं दोणीत जाई आणि तिथून पाटानं वाडीत. पाणी वाया जाऊ नये ही व्यवस्था माझीच. त्या दिवशी फिल्टर धुतला. दुपारी बायकोनं हाक मारली. सगळे गप्पी पोट वर करून तरंगत होते, पाणी काचेइतकं स्वच्छ. एक छोटी मादी अजून कडेनं गोल गोल फिरत होती, तिचे कल्ले फडफडत होते. मी तिला ओंजळीत धरून विहिरीच्या पाण्याच्या बादलीत टाकलं. जगली नाही. माशांना जेवढं तांबं सोसत नाही तेवढं माणसाच्या जिभेला कळतसुद्धा नाही. बायको एवढंच म्हणाली, "आजी पीत होती ना म्हणे असलं पाणी?"

या टप्प्यावर समजूतदार माणूस थांबला असता. कर्व्यांच्या गावचा माणूस कसा थांबेल? मी ती प्लॅस्टिकची डबी शोधून काढली आणि पीएच तपासला. नळी पिवळी. म्हणजे पाणी आंबट. आमच्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी मुळात मऊ आणि जरा आंबट, त्यात मोरचुदाची भर. पीएच वाढवायला सोडा घालतात हे शिकवणीतलं वाक्य नेमकं लक्षात होतं. घरात धुण्याचा सोडा होता. घातला.

पाणी डोळ्यांदेखत दुधाळ झालं. मग दुधात कोणी नीळ सांडावी तसा हिरवट-निळा ढग उठला, हळूहळू खाली बसला, आणि जिथे बसला तिथला झाला. पांढऱ्या टाइल्सच्या प्रत्येक फटीत, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत, नळाच्या तोंडाखाली पिस्त्याच्या रंगाचे ओघळ. घासणी लावली, ब्रश लावला, गुडघे फुटले. हे तांब्याचं कार्बोनेट. जुन्या समईला आणि देवळाच्या कळसाला चढतो तो हिरवा थर याच जातीचा. पाणी आंबट होतं तोवर तांबं त्यात विरघळून गप्प बसलं होतं. मी सोडा घालून त्याला टाइलवर कायमचं घर दिलं. आम्ल लावून डाग निघतो, पण निघतो म्हणजे तांबं परत पाण्यात जातं. पीएच वाढला की पुन्हा हजर.

रात्री भाच्याला फोन केला. तो दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकलेला, हल्ली चिपळूणला असतो.

"मामा, किती टाकलंस?"

"फार नाही रे. दोन किलो."

पलीकडे शांतता. मग कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. मोरचुदात वजनाचा चौथा हिस्सा तांबं. दोन किलोत अर्धा किलो. पन्नास हजार लिटरांत म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम.

"घमेल्यात बसलं ते वजा कर," मी म्हटलं.

"ते कुणी मोजलंय? तुझ्या त्या निळ्या बाटलीवर किती लिहिलं होतं माहितीये? अशा औषधांत तांबं पाव मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचं असतं, फार तर ०.४. तू पंचवीस पट टाकलंयस. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा दोन मिलिग्रॅम आहे. तुझा पूल तिच्या पाचपट."

"आणि आजीचा हंडा?"

"रात्रभर ठेवलं तरी हंड्यातून जे उतरतं ते मर्यादेच्या बरंच आत असतं. आजी मोजून वागायची, मामा."

मग त्यानं जे सांगितलं ते मी लिहून घेतलं, वीजबिलाच्या मागे. क्लोरीन टाकला की तो आपलं काम करतो, उन्हात विरतो, संपतो. तांबं संपत नाही. ते उडत नाही, कुजत नाही. पाण्याची वाफ होते, तांबं मागे राहतं. वरून नवं पाणी घाला, पुढच्या महिन्यात पुन्हा बाटली ओता, आधीच्यावर नवं साचतं. म्हणजे मी मोजून पाव मिलिग्रॅम टाकलं असतं तरी दरमहा टाकत राहून याच मुक्कामाला आलो असतो, फक्त सावकाश आणि जास्त पैसे देऊन. काही महाग औषधांत तांबं दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं असतं, डाग पडू नयेत म्हणून. पण क्लोरीन हळूहळू ती गाठ सोडवतो आणि कथा तिथेच येते. शिवाय हंड्यात जंतू मरायला रात्र लागते. पुलात एक खोकला तर दुसऱ्याच्या तोंडात पाणी जायला तेवढा वेळ लागत नाही. तिथे मिनिटांत काम करणारा क्लोरीन लागतोच. मग तांबं घालून वाचलं काय?

"आणि मुळात मामा, तुला शेवाळाचा रोगच नव्हता. क्लोरीन नव्हता, एवढंच. तू तापावर थर्मामीटर फोडलास."

मी त्याला रिओ ऑलिम्पिकचा दाखला दिला. २०१६ साली तिथला डायव्हिंगचा तलाव साऱ्या जगासमोर हिरवागार झाला होता, आणि तिथे तज्ज्ञ होते. तो म्हणाला, तिथे कोणीतरी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्यानं क्लोरीन मारला, मग पाणी हिरवं झालं. कारण एकच, क्लोरीन गेला. "फक्त त्यांनी पुढे मोरचूद नाही टाकलं."

दुसऱ्या दिवशी फवारणीचे दादा सहज आले. पोफळीवर चढून आयुष्य गेलेला माणूस. पुलाकडे बघितलं, टाइलवरच्या निळ्या थरावरून अंगठा फिरवला, मग कडेला पडलेलं ते लाल घमेलं उचललं, उन्हाकडे धरून भोकांतून माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, चुना कमी पडला."

बोर्डो मिश्रण जमलं की नाही ते बघायची रीत अशीच आहे. लोखंडी पातं किंवा खिळा त्यात बुडवायचा. लाल झाला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं जळतील, अजून चुना घाला. मी हसलो. फोनवर भाचा हसला नाही. "मामा, ते बरोबर सांगतायत. चुना घाल."

तेच केलं. पाहुणे गेल्यावर पंप बंद करून चुन्याची निवळी पुलात सोडली, पीएच नऊच्या वर नेला. विरघळलेलं तांबं निळ्या गाळाच्या रूपानं खाली बसलं. पर्यटकांना चुना लावल्याचा आरोप आमच्या किनाऱ्यावर अनेकांवर होतो, पुलाला लावणारा मी पहिला असेन. वरचं नितळ पाणी पट्टीनं तांबं तपासून, विहिरीपासून लांब, थोडं थोडं जिरवलं. खालचा गाळ गोळा करून झाकणाच्या पिंपात भरला. तो पोफळीला तरी मारू या म्हटलं, तर दादा म्हणाले, "शिळं बोर्डो चिकटत नाय." करायचं आणि त्याच दिवशी मारायचं, असं ते औषध. वाडीतही ते मोजून मारतात, कारण वर्षानुवर्षांचं तांबं तिथल्या मातीतही साठतच असतं. पिंप आता माळ्यावर आहे. आमच्याकडे काही टाकत नाहीत.

विहिरीनं पूल पुन्हा भरायला नकार दिला, टँकर आणावे लागले. त्यांची बिलं आणि त्या निळ्या बाटलीची किंमत मी एकाखाली एक मांडली नाहीत. बायकोनं मांडली.

आता रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मी क्लोरीन घालतो. रात्रभर त्याला काम करायला मिळतं. सकाळी डबीतल्या नळ्या हलवतो. पंप ठरलेले तास चालतो. झावळ्या पडल्या की लगेच काढतो, आठवड्याला भिंती घासतो, फिल्टरचं पाणी दोणीत जात नाही. पाणी थोडं जरी मंद दिसलं तर क्लोरीन वाढवतो, ब्रश मारतो आणि पंप बंद करत नाही. त्यात काही चमत्कार नाही, निळा फोटोही येत नाही, पण शेवाळ येत नाही. पायऱ्यांच्या कोपऱ्यातले पिस्ता रंगाचे डाग आहेत तसे आहेत. पाहुण्यांनी विचारलं तर डिझाइन आहे म्हणून सांगतो.

घरच्या पुलात तांबं नको, असं माझं मत झालं आहे आणि ते विकत घेतलेलं आहे, तेव्हा फुकट देतो. दुकानात शेवाळनाशकाची बाटली हातात आली तर बारीक अक्षरं वाचा. कॉपर दिसलं तर ती माझ्याप्रमाणेच दोन्ही हातांनी फळीवर परत ठेवा आणि तेवढ्या पैशांत क्लोरीन घ्या. शेवाळनाशक हवंच असेल तर बिनतांब्याचं, पॉलीक्वाट जातीचं मागा. आणि माळ्यावर मोरचूद उरलंच असेल तर पावसाआधी पोफळीवर मारा, प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, चुना पुरेसा घालून.